चुकलेल्या तारखेचा हिशेब

पुसेगावात लिगोचा विषय निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘ते होणार तरी कधी?’ प्रश्न रास्त आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला होऊ घातलेल्या या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने 17 फेब्रुवारी 2016 रोजी तत्त्वतः मंजुरी दिली. तेव्हा 2024 च्या आसपासचं साल बोललं जाई. 2600 कोटींची अंतिम मंजुरी यायलाच एप्रिल 2023 उजाडला. पुढच्या महिन्यात पायाभरणी झाली आणि नवं साल कानावर आलं, 2030.

शास्त्राचं यात फारसं बिघडत नाही. कृष्णविवरं एकमेकांवर आदळायची थांबणार नाहीत, लहरी तेव्हाही येतील. पण 2016 साली आपल्या जिल्ह्यातला जो पोरगा अठरा वर्षांचा होता, तो 2030 मध्ये बत्तीसचा असेल. ‘इथंच काहीतरी निघेल’ या आशेवर तो थांबला असेल, तर भरतीची वयोमर्यादा त्याच्यासाठी थांबलेली नाही. उशिराची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत, आणि तारीख सांगणाऱ्याच्या ध्यानात नेमकं हेच राहत नाही.

उशीर हा काही अपराध नव्हे. चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, जमिनीची बारीक थरथरही परवडणार नाही असे आरसे, अमेरिकेतून यायची यंत्रसामग्री. असलं काम घाईनं करायचंच नसतं. जागेची निवड, मोजणी, ताबा यांत वर्षं गेली. मात्र ही कामं रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाहीत. जे दिसत नाही ते कुणीतरी सांगावं लागतं, नाहीतर ती जागा अफवा भरून काढते.

हळदीचे पैसे अडकले की दोन तऱ्हेचे अडते भेटतात. एक म्हणतो, ‘उद्या या.’ दुसरा म्हणतो, ‘माझंच पेमेंट वर अडकलंय, शनिवारी निम्मे देतो, बाकीचं तेव्हा सांगतो.’ पुढच्या हंगामात माल कुणाकडे जातो, हे शेतकऱ्याला विचारायला नको.

अमेरिकेतल्या मूळ लिगोची गोष्ट इथं सांगण्याजोगी आहे. 1994 मध्ये बॅरी बॅरिश यांच्याकडे सूत्रं आली, तेव्हा पैसे देणाऱ्यांचा भरवसा डळमळला होता. अशा वेळी आकडा दाबून सांगायचा मोह कुणालाही होईल. त्यांनी आधीपेक्षा सुमारे 40 टक्के जास्त खर्च मांडला. वर कामाचे दोन टप्पे पाडले: पहिल्यात यंत्र चालवून दाखवू, लहर सापडेलच असं नाही, खरी आशा दुसऱ्या टप्प्यावर. पैसा मंजूर झाला. 2002 ते 2010 या काळात खरोखरच एकही लहर सापडली नाही, तरी दुसरा टप्पा उभा राहिला. कारण रित्या हातांची कल्पना आधीच दिलेली होती. 14 सप्टेंबर 2015 ला पहिली लहर टिपली गेली, 2017 मध्ये बॅरिश नोबेलचे एक मानकरी ठरले. मला त्या नोबेलपेक्षा 1994 चा तो वाढीव आकडा मोठा वाटतो.

हे फक्त वेधशाळेपुरतं नाही. 2019 मध्ये जाहीर झालेल्या जल जीवन मिशननं 2024 पर्यंत खेड्यातल्या प्रत्येक घरी नळ देण्याचा शब्द दिला होता. 2025 च्या अर्थसंकल्पात ती मुदत 2028 पर्यंत वाढली. दिल्लीत वाढलेली मुदत गल्लीत बहुधा कुणी येऊन सांगत नाही. रिकामी तोटी पाहून बाईमाणसानं ती ओळखायची असते. आणि शिव्या खातो गावचा सरपंच, ज्याच्या हातात ना निधी ना तारीख.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत ‘कधी होणार?’ एवढंच विचारून खाली बसू नका. काय अडलंय, कुणाच्या टेबलावर अडलंय आणि पुढची खबर कोणत्या दिवशी द्याल, हेही विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. आणि कुणी खरं सांगितलं, ‘अजून दोन वर्षं लागतील’ म्हणाला, तर त्याच्यावर ओरडू नका.