इमानची कूस

२३ नोव्हेंबर २०१९ रोजी मलेशियाच्या साबा राज्यात इमान वारली. इमान ही सुमात्री जातीच्या गेंड्याची मादी. मलय भाषेत अरबीतून आलेले शब्द पुष्कळ आहेत. ‘इमान’चा अर्थ तिथेही आपल्याकडचाच, श्रद्धा. वय अदमासे पंचवीस. त्याच वर्षी मे महिन्यात टॅम नावाचा म्हातारा नर गेला होता. इमान गेली आणि मलेशियातून या गेंड्यांची जातच संपली. तिच्या मागे पिल्लू नव्हते. ते व्हावे म्हणून तिच्या देहावर जे जे करून पाहिले गेले, ते वाचून आमच्या मनात एक सवाल उभा राहिला आहे : नस्ल टिकावी म्हणून एका जिवाकडून किती मागावे?

सुमात्री गेंडा हा सगळ्या गेंड्यांत लहान. अंगावर केस, नाकावर दोन शिंगे आणि स्वभाव एकटे राहण्याचा. नर-मादी भेटतात ती समागमापुरती. एरवी एका कुंपणात ठेवले तर एकमेकांच्या अंगावर धावून जातात. आपण अशा जनावराला चटकन ‘बिचारे एकटे’ म्हणतो. पण एकटा म्हणजे एकाकी नव्हे. फकीरही एकटाच असतो.

१८८९ साली कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात या जातीचे एक पिल्लू जन्मले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे बंदिवासात एकही नाही. १९८४ पासूनच्या दहा-बारा वर्षांत जंगलातून चाळीसेक गेंडे पैदाशीसाठी धरले गेले. त्यांतले बहुतेक संतती न होताच मेले. अखेर अमेरिकेत सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात टेरी रॉथ या विदुषींच्या ध्यानात आले, की या मादीचे बीज समागमाशिवाय सुटतच नाही. तिथल्या एमीचे गर्भ पाच वेळा गेले. पुढच्या खेपेला संप्रेरकाचे औषध दिले, आणि सुमारे सोळा महिन्यांच्या गरोदरपणानंतर १३ सप्टेंबर २००१ रोजी अंदालास जन्मला. २००७ साली त्याला सुमात्रात पाठवले. तिथे तो बाप झाला, आजाही झाला.

एमीची कूस उजवली, इमानची उजवली नाही. २०१४ साली इमानला जंगलातून पकडून आणले, तेव्हा सोनोग्राफीत आधी गर्भ असल्याचा भास झाला. नंतर कळले, की त्या गाठी होत्या. या जातीत ज्या मादीला वर्षानुवर्षे गर्भ राहत नाही तिच्या गर्भाशयात गाठी धरतात. जंगल ओस पडलेले, नर भेटणार कुठून? म्हणजे हा रोग तिला पिंजऱ्याने दिला नव्हता. शिंगासाठी झालेली शिकार आणि तोडलेली राने यांनी तो तिला आधीच दिला होता. पुढची वर्षे तिला भूल देऊन बीजे काढण्यात आली. टॅमचे वीर्य वयाने दुबळे झालेले. प्रयोगशाळेत गर्भ काही धरला नाही. शेजारच्या इंडोनेशियाशी देवाणघेवाणीची बोलणी चालत राहिली. तोवर इमानचे दिवस संपले.

‘जनावराला त्याच्या नशिबावर सोडून द्यावे’ असे म्हणणे सोपे आहे. पण ज्याने घर जाळले त्याने ‘आता मी मध्ये पडत नाही’ म्हणणे ही अलिप्तता नव्हे, पळवाट आहे. सूरह अल्-अनआम जनावरांना आणि पाखरांनाही उम्मत म्हणते. एक उम्मत आपल्या हातून नाहीशी होत असेल, तर ती वाचवण्याची खटपट फर्जासारखीच मानली पाहिजे. एमीच्या सोसण्याला त्यामुळे अर्थ आहे, असे आम्ही मानतो.

तरीही मन थांबत नाही. हजरत जकरिया यांनी म्हातारपणी औलादीसाठी दुआ मागितली आणि ती कबूल झाली. ती दुआ त्यांची स्वतःची होती. इमानने काही मागितले नव्हते. मागणारे आपण, आणि देह तिचा. उम्मत ही जशी अमानत, तसा त्या उम्मतीतला एकेक जीवही अमानतच. मादीकडे नुसती कूस म्हणून पाहू लागलो, की या दुसऱ्या अमानतीत खयानत होते.

ही नजर आपल्या ओळखीची आहे. निकाहाला दोन वर्षे झाली, की सुनेला विचारणा सुरू होते, ‘अजून काही खुशखबर नाही?’ मग डॉक्टर, मग दर्गा, मग तावीज, आणि शेवटी ‘वांझ’ हा शब्द. कोणाला मुलगी, कोणाला मुलगा, कोणाला काहीच नाही, ही अल्लाहची मर्जी असल्याचे सूरह अश्-शूरा सांगते. तिलावत करणारे आपणच, आणि टोमणे मारणारेही आपणच. गेंड्याच्या बाबतीत निदान जात संपण्याची भीती खरी होती. आपल्या घरात कोणती जात संपत असते?

इमानच्या कहाणीतली एक गोष्ट आम्हाला यातून वाट दाखवते. २०१७ च्या डिसेंबरात तिची गाठ फुटून रक्तस्राव झाला. ती चिखलाच्या डबक्यातून बाहेर येईना, पाला खाईना. तिच्यापासून पिल्लू होण्याची आशा तेव्हा जवळजवळ संपली होती. तरी राखणदार रात्रंदिवस तिच्यापाशी राहिले, औषधे देत राहिले. ती सावरली आणि जवळजवळ दोन वर्षे जगली.

आमच्या सवालाचा जबाब आम्हाला इथे सापडतो. नस्लीसाठी मागायचे तर वेळेवर मागावे, जीव तरुण आणि जंगल भरलेले असताना. उशीर आपण करायचा आणि भरपाई म्हाताऱ्या देहाने करायची, हा इन्साफ नव्हे. आणि मागून मिळाले नाही, तरी त्या जिवाचा आपल्यावरचा हक्क कमी होत नाही. कूस रिकामी राहिली म्हणून इमानची किंमत घटली नव्हती. त्या डबक्यापाशी रात्र काढणाऱ्या माणसांना हे समजले होते. आपल्या मोहल्ल्यात ते अजून समजायचे आहे.