करुणा आणि क्षमा

दुःखान्त कौटुंबिक चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या मंडळींत बहुधा दोन पक्ष पडतात. एका पक्षाला अन्याय करणाऱ्या पात्राचा इतका संताप आलेला असतो कीं, तें काम करणारा नटही त्याला नकोसा होतो. दुसऱ्या पक्षाला त्याच पात्राची कींव येते, आणि ती यावी याची मनांतून थोडी लाजही वाटते. ही लाज योग्य आहे काय?

'प्रभात'चा १९३७ सालचा 'कुंकू' घ्या. नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो दिग्दर्शित केला. तरुण नीरेचें लग्न आप्तजन फसवून एका वृद्ध विधुराशीं लावून देतात. ती त्याला पति मानण्याचें साफ नाकारते. शांता आपटे यांची ती ताठ मान पाहतांच आपलें मन निःशंकपणें तिच्या बाजूस जातें. परंतु काकासाहेबांच्या भूमिकेंत केशवराव दाते आहेत. चित्रपटांत पार्श्वसंगीत नाहीं. कोठें रडावें हें प्रेक्षकाला कोणी सुचवीत नाहीं. तरीही तो वृद्ध आपला अपराध ओळखून अखेर तिला मोकळी करण्यासाठीं जीव देतो, तेव्हां ज्याचा राग करीत होतों त्याच्यासाठींच डोळे पाणावतात.

मग आपण नीरेशीं प्रतारणा केली काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. करुणा म्हणजे क्षमा नव्हे. क्षमेचा अधिकार जिच्यावर अन्याय झाला तिचा. प्रेक्षकानें तो परस्पर वापरूं नये. परंतु करुणा नाकारणें हेंही फार सोयीचें असतें. अन्याय करणारा राक्षस ठरला कीं आपण सुटलों; कारण आपल्या घरांत राक्षस कोठें आहे? दाते यांनीं राक्षस उभा केला नाहीं, घरंदाज गृहस्थ उभा केला. तसे गृहस्थ आपल्या वडीलधाऱ्यांत सांपडतात, आणि क्वचित् आरशांतही दिसतात.

एक सावधगिरी मात्र हवी. मरणाऱ्याला अश्रू सहज मिळतात. जिला पुढें जगावयाचें आहे तिच्या वांट्याला ते येतातच असें नाहीं. काकासाहेबांसाठीं खुशाल रडावें. पण आपल्याच घरांतील एखाद्या मुलीनें ठरत आलेल्या लग्नाला 'नाहीं' म्हटलें, तर तें मुकाट्यानें ऐकून घेण्याइतकें धैर्य त्या रडण्यानंतर आपल्या अंगीं असावें.