पाकाची वाटी

मदत कधी थांबवावी, हा प्रश्न मला एम.ए.च्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांनी घातला नव्हता. तो मधमाश्यांच्या एका पेटीने घातला.

आमचे हायस्कूल खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर शाळेच्या परसात सातेरी मधमाश्यांची पेटी आली. गावातले एक वृद्ध कन्नडभाषक शेतकरी आहेत. आम्ही सारे त्यांना अज्जा म्हणतो. त्यांनी झाडाच्या ढोलीतली वसाहत उतरवली, पोळ्यांचे तुकडे केळीच्या सोपटाने चौकटींना बांधले आणि राणीसह माश्या पेटीत घेतल्या. निघताना म्हणाले, "सर, जेनू आणणं सोपं. ऱ्हायला लावणं अवघड."

नव्या घरी आलेल्या वसाहतीची पहिली गरज म्हणजे पोळे. ते नसेल तर राणीने अंडी घालायची कोठे आणि मध-पराग साठवायचे कोठे? पोळ्याचे मेण माश्यांच्या अंगातूनच येते. साधारण 12 ते 18 दिवस वयाच्या कामकरी माश्यांच्या पोटाखालून मेणाचे पातळ पापुद्रे सुटतात. त्यासाठी भरपूर गोड खाद्य आणि दाटीची ऊब लागते. म्हणून अज्जांनी साखर आणि पाणी समभाग घेऊन पाक केला आणि निवल्यावर तो संध्याकाळी पेटीत वाटीने ठेवला. माश्या बुडू नयेत म्हणून त्यावर काड्या टाकल्या. मुंग्या चढू नयेत म्हणून घडवंचीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. रिकाम्या चौकटी काढून मध्ये फळी घातली आणि जागा आखडली.

"घर मोठं असू दे की, अज्जा," मी म्हणालो.

"मोठ्या घरात थंडी वाजते, सर. आन् मेणकिडा शिरतो."

आहेत ती पोळी माश्यांनी झाकली, तेव्हा त्यांनी मेणपत्र्याची एकच चौकट वाढवली. या पत्र्यावर षट्कोनांचे नुसते ठसे असतात. भिंती माश्यांनीच उभारायच्या. आठ-दहा दिवसांत शुभ्र पोळे तयार झाले. मला कोण आनंद झाला!

त्या आनंदातच माझी चूक झाली. पुढे शिवारात सूर्यफूल फुलले, तरी मी रोज संध्याकाळी वाटी भरत राहिलो. माश्या वाटीवर गर्दी करीत आणि मला धन्यता वाटे. महिन्याभराने अज्जांनी पेटी उचलून पाहिली, उघडली आणि कपाळाला हात लावला. राणीसाठी मोकळ्या राहायला हव्यात त्या घरांतही पाकच भरला होता. "पेटी जड झाली, पण वंश वाढला न्हाई. राणीला जागाच ठेवली न्हाई तुम्ही."

त्या रात्री मला एक जुना विद्यार्थी आठवला. मराठी माध्यमातला हुशार मुलगा, पण कन्नड विषयाची त्याला धास्ती. दहावीच्या वर्षी मी त्याला कन्नडची अपेक्षित उत्तरे देवनागरीत लिहून दिली, घोकून घेतली. तो चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला आणि आमचा निकालही उंचावला. काही वर्षांनी तो भेटला तेव्हा धारवाडला नोकरीला होता. म्हणाला, "सर, पेपरात पास झालो, पण पहिल्या दिवशी समोरच्या माणसाशी एक वाक्य बोलता येईना. महिनाभर मान खाली घालून बसलो." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते अधिक लागले.

माणसाला केवळ साधन मानू नये, असे कांट सांगतो. वर्गात मी हे अनेकदा शिकवले आहे. पण मदत करणाराही मदत घेणाऱ्याला साधन करू शकतो, हे मला पेटीपाशी उमगले. ती वाटी किती प्रमाणात माश्यांसाठी होती आणि किती माझ्या समाधानासाठी? ती उत्तरे मुलासाठी होती की शाळेच्या निकालासाठी?

याचा अर्थ मदत करू नये असा नव्हे. पहिल्या आठवड्यात पाक दिला नसता, तर उपाशी वसाहत पेटी सोडून निघून गेली असती. सातेरीचा तो स्वभावच आहे. काही संकटांपुढे तर मदतही थिटी पडते. 1991-92 मध्ये थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगाने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. अज्जांच्या साऱ्या पेट्या तेव्हा रिकाम्या झाल्या होत्या. मदतीची किंमत ते माझ्याहून अधिक जाणतात. म्हणूनच ते ती मोजून करतात.

आम्हा सीमाभागातल्या पालकांना आणि शिक्षकांना हा मोह फार. मुलाला दोन भाषांच्या मधून चालावे लागते, म्हणून आपण त्याला कडेवरच घेतो. आता दहावीच्या मुलांना मी कन्नडची तयार उत्तरे देत नाही. शब्द देतो, वाक्याचा साचा देतो. पुढची चार मोडकी वाक्ये त्यांनीच लिहायची आणि आठवड्यातून एकदा अज्जांशी बोलायची. गेल्या वर्षी दोघांचे गुण घसरले. एका पालकांनी मला जाब विचारला, आणि त्यांचा राग मला गैर वाटला नाही.

पेटीचे वजन हाताने उचलून कळते. मुलाला आता आधार हवा की मोकळी जागा, हे कशाने कळावे? अजून मला ते रोज नव्याने ठरवावे लागते, आणि अजूनही कधी कधी चुकते.