विद्यावेतन सरकारचे, शिकवणे कोणाचे?

शिरोलीच्या किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या लघुउद्योजकांची एक तक्रार जुनीच आहे: पोराला मशीनवर तयार करावे आणि त्याने दोन पैसे जास्त देणाऱ्याकडे निघून जावे. तक्रारीत तथ्य आहे. शिकवण्याचा खर्च एकाचा आणि लाभ शेजाऱ्याचा, म्हणून सगळेच तयार कारागिराची वाट पाहतात. हा खर्च सरकारने थोडाफार उचलावा, याचे खरे समर्थन इथे आहे. मालकाला मदत द्यायची ती शिकवण्यासाठी. नुसती माणसे हजेरीपटावर घेतल्याबद्दल नव्हे.

1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आज 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. 2016च्या प्रोत्साहन योजनेपासून विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त 1,500 रुपये, केंद्र सरकार देते. बाकीचे मालकाने द्यायचे. शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार ठरत नाही, त्यामुळे त्याला स्वस्त हेल्पर म्हणून राबवण्याची वाट इथेही मोकळी आहे. तरीही ज्याचे स्वतःचे पैसे गुंतले आहेत, त्याला पोरगा कामाचा होतो की नाही, याची थोडी तरी काळजी असते.

महाराष्ट्राच्या 2024च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने ही काळजीच काढून घेतली. बारावी झालेल्याला 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये, आणि ते सरकारकडून थेट खात्यात. मालकाला फुकटचे दोन हात मिळाले. शिकवले नाही तरी त्याचे काही बिघडत नाही. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिन्यांवर गेली आणि प्रशिक्षणार्थी 'कायम करा' म्हणू लागले. त्यांचे काय चुकले? हाती विकण्याजोगे कौशल्य आले असते, तर त्याच खुर्चीचा आग्रह धरायची वेळ त्यांच्यावर आली नसती.

2025ची प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना तर 99,446 कोटींची. नव्या कामगारामागे मालकाला महिन्याला 3,000 रुपयांपर्यंत, दोन वर्षे, कारखानदारीत चार. भरती निदान सहा महिने टिकावी, ही अट चांगली आहे. पण जो मालक ऑर्डरी वाढल्या म्हणून माणसे घेणारच होता, त्यालाही हे पैसे मिळणार. पहिल्यांदा नोकरीला लागलेल्याला या योजनेतून मिळणाऱ्या रकमेच्या दुसऱ्या हप्त्यासाठी आर्थिक साक्षरतेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. मालकाने त्याला कामाचे काय शिकवले, हे मात्र कोणी तपासत नाही.

अनुदानाचा छोटा हप्ता भरतीच्या वेळी द्यावा आणि मोठा, उमेदवार बाहेरच्या परीक्षकाकडून उत्तीर्ण झाल्यावर. लहान कारखान्यांना स्वतंत्र प्रशिक्षक परवडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तिथे वसाहतीतल्या दहा-बारा कारखान्यांनी मिळून जवळच्या आयटीआयमध्ये एक प्रशिक्षक ठेवावा आणि त्याचा पगार सरकारने द्यावा. मग तयार झालेला पोरगा शेजारच्या कारखान्यात गेला, तरी पैसे वाया गेले असे म्हणता येणार नाही. ते त्याच्या कौशल्यासाठीच दिलेले असतील आणि कौशल्य वसाहतीतच राहील.