अवतारांच्या रांगेत डार्विन

नोव्हेंबर 1859 मध्ये चार्ल्स डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून ख्रिस्ती जगात सुरू झालेला झगडा अजून पुरता मिटलेला नाही. 1925 मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात जॉन स्कोप्स या शिक्षकावर मानवी उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला चालला, 100 डॉलर दंड ठोठावला गेला, आणि ते शिकवण्यास बंदी घालणारा कायदा रद्द व्हायला 1967 साल उजाडले. हा इतिहास सांगून झाला की आपल्याकडे हमखास समाधान व्यक्त होते : हिंदू धर्माला असा त्रास झाला नाही, आपण डार्विनला सहज सामावून घेतले. मला हे समाधान घातक वाटते. विरोध करणाऱ्या पाद्र्यांना निदान आपले काय पणाला लागले आहे हे कळले होते. आपण स्वागत केले ते सिद्धान्ताचा गाभा काढून टाकून. आणि जे उरले ते आपल्या जुन्या उतरंडीला सोयीचे ठरले.

या स्वागताचे ठरलेले रूप म्हणजे दशावतार. मत्स्य पाण्यातला, कूर्म पाण्यातला आणि जमिनीवरचाही, वराह जमिनीवरचा, नरसिंह अर्धा पशू, वामन खुजा मानव, मग परशुराम, राम, कृष्ण. ही मांडणी पुराणकारांची नाही, एकोणिसाव्या शतकातली आहे. थिऑसॉफीच्या मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी 1877 मध्ये ती केली, 1882 मध्ये केशवचंद्र सेनांनी ती आपल्या व्याख्यानातून मांडली. पण भागवताचा पहिला स्कंध उघडला तर तिथे बावीस अवतारांची यादी आहे. तीत वराह दुसरा आणि मत्स्य दहावा आहे. म्हणजे जो क्रम उत्क्रांतीची साक्ष म्हणून सांगितला जातो, तो परंपरेतही पक्का नव्हता. त्याहून महत्त्वाचे असे की, अवतारकथेत मत्स्यापासून कूर्म जन्मत नाही. प्रत्येक वेळी एकच देव स्वेच्छेने नवे रूप घेतो. डार्विनच्या निसर्गात कोणाची इच्छा नाही, पूर्वनियोजित शेवट नाही. पिढ्यान्‌पिढ्या होणारे लहान फरक आहेत, त्यांतले काही परिस्थितीत टिकतात, आणि सगळे जीव एका वंशवृक्षाच्या फांद्या आहेत. माकड हे अर्धवट राहिलेला माणूस नव्हे. आपण आणि ते समान पूर्वजाचे वंशज आहोत. वृक्षाच्या जागी शिडी आली की हेच नेमके हरवते.

शिडीला पायऱ्या असतात, आणि पायऱ्यांवर माणसे बसवता येतात. ब्लाव्हाट्स्की यांच्या चार वर्षे आधी, 1873 मध्ये, पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त हेच अवतार घेतले होते. त्यांना त्यांत प्रगती दिसली नाही. आक्रमण आणि बळीच्या प्रजेची फसवणूक दिसली. त्यांचा इतिहास आज जसाच्या तसा टिकणार नाही. पण या कथांनी कोणाला वर आणि कोणाला खाली बसवले, हा त्यांचा प्रश्न टिकून आहे. पुढे हर्बर्ट रिस्ले या अधिकाऱ्याने बंगालात नाके मोजून नाकाच्या रुंदीशी जातीचा दर्जा जोडला, आणि 1901 च्या जनगणनेचा आयुक्त म्हणून जातींना सामाजिक श्रेष्ठतेच्या क्रमाने लावायला घेतले. जात म्हणजे रक्तशुद्धी राखणारी शास्त्रीय व्यवस्था, असे समर्थन सुशिक्षितांना मिळाले. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्याला विज्ञानाच्या भूमीवरच उत्तर दिले : पंजाबातला ब्राह्मण आणि तिथला अस्पृश्य वंशाने एकच आहेत, मग ही विभागणी वंशाची कशी?

यावर कोणी म्हणेल की उच्चनीचतेचे हे विष डार्विनकडूनच आले. ते पूर्ण खोटे नाही. सुप्रजननशास्त्राचा प्रवर्तक फ्रान्सिस गाल्टन त्याचा नातलग होता, आणि 1871 च्या ‘डिसेंट ऑफ मॅन’मध्ये ‘रानटी’ लोकांविषयी जी भाषा आहे ती आज वाचवत नाही. पण ती त्याच्या काळाच्या साम्राज्याची भाषा होती. सिद्धान्तातून ती निघत नाही. तगणे म्हणजे श्रेष्ठ असणे नव्हे, त्या परिस्थितीला जुळणे एवढेच. दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे : दशावतार हे प्रतीक मानले तर काय बिघडले? प्रतीक म्हणून काहीच नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती होता आणि अमेरिकेत डार्विनचा खंदा पाठीराखाही. श्रद्धेला जागा उरतेच. मात्र तिने पुराव्याचे काम अंगावर घेऊ नये.

घेतले की काय होते ते आपण पाहिले आहे. जानेवारी 2018 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्याने डार्विन चुकीचा ठरवला, कारण माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही. पुढच्याच वर्षी जालंधरच्या सायन्स काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धान्त असल्याचे सांगितले. आधी सामावून घेणे आणि मग अनावश्यक ठरवणे, यांत फार अंतर नव्हते. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. 1800 हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी पत्र लिहून निषेध केला. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे, हे उत्तर अपुरे आहे, कारण बहुसंख्य मुले तिथवर जीवशास्त्र घेऊन पोचतच नाहीत. महाराष्ट्र मंडळाच्या 2018 च्या दहावीच्या विज्ञानात, दुसऱ्या भागात, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. तो शिकवताना मत्स्य-कूर्माचा सोपा दाखला बाजूला ठेवून शिक्षकांनी फळ्यावर वंशवृक्ष काढावा, आणि वर्गातल्या सगळ्या आडनावांची मुले त्याच्या एकाच डहाळीवर दाखवावीत.