शब्दाचें सौंदर्य आणि श्रोत्याचें मन

सुंदर बोलणें खरेंच असतें काय? बोलण्यावरच ज्यांचा चरितार्थ चालतो, त्या आम्हां अध्यापकांस हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

मक्केचे अरब काव्याचे मोठे पारखी. इ. स. ६२२ च्या स्थलांतरापूर्वीं कुराणाचीं वचनें त्यांच्या कानीं पडलीं, तीं मुखानें म्हटलेली वाणी म्हणून. यासारखें एक प्रकरण रचून दाखवा, असें आव्हानही त्यांत होतें. परंपरा सांगते कीं, कुरैशांचा पुढारी वलीद बिन मुगीरा यानें तें ऐकून, हें काव्य नव्हे, भविष्यवाद्याचें बोलणेंही नव्हे, अशी कबुली दिली. पण स्वजनांचा रोष नको म्हणून अखेर त्यास जादू ठरविलें. उलट, संतापानें बहिणीच्या घरीं शिरलेले उमर ‘ताहा’ प्रकरणानें विरघळले. शब्द त्याच वाणीचे. मग भेद कोठें पडला? वलीदापाशीं पारख होती. पारखलेल्या वस्तूचें मोल देण्याचें धैर्य नव्हतें.

वक्त्याचें कर्तव्य कोणतें, हें आमच्या वऱ्हाडांतील महानुभावांनीं जाणलें होतें. चक्रधरांच्या पश्चात् विद्वान केशिराज संस्कृतांत ग्रंथ रचूं लागले, तेव्हां नागदेवाचार्यांनीं त्यांस अडविलें. आपल्या भोळ्या म्हाताऱ्या ज्ञानास मुकतील, ही त्यांची चिंता. कुराणही अरबांशीं त्यांच्याच भाषेंत बोललें.

वक्त्यानें शब्द दारापर्यंत न्यावा. सौंदर्य हा सत्याचा पुरावा नव्हे. ती दारावरची थाप आहे. दार आंतूनच उघडावें लागतें, आणि तेथें नुसती रसिकता पुरत नाहीं.