आत कोण आहे?

गेल्या हिवाळ्यात, वयाची साठी उलटल्यावर, मला एका चिलखतधारी योद्ध्याची चाकरी करण्याचा योग आला. योद्धा म्हणजे माझी धाकटी भाची. ती एका कचेरीत हिशेब तपासते आणि झुरळाला भिते. पण वर्षातून एकदा मुंबईत चित्रकथांच्या आणि चित्रपटांच्या शौकिनांचा जो मेळावा भरतो, त्या दिवशी ती ती नसते. तिथे शेकडो तरुण मुले-मुली आपापल्या आवडत्या कथेतले पात्र बनून येतात. या प्रकाराला ‘कॉस्प्ले’ म्हणतात. “मामा, या खेपेला तू चल. मला एक माणूस लागणार आहे,” असे ती म्हणाली, तेव्हा सोबतीला कोणी तरी वडीलधारे हवे असेल, एवढाच अर्थ मी घेतला. माणूस लागणार म्हणजे काय, ते मला तिथे गेल्यावर कळले.

तिने निवडलेले पात्र जपानी होते. हिरोमु अराकावा या लेखिका-चित्रकर्तीची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ नावाची एक दीर्घ चित्रकथा आहे. ती २००१ ते २०१० अशी एका मासिकातून क्रमशः येत होती. दोन लहान भाऊ आपल्या मेलेल्या आईला किमयेच्या बळावर परत आणू पाहतात. आई तर येत नाहीच. उलट थोरल्याचा पाय जातो आणि धाकट्याचे सबंध शरीरच नाहीसे होते. तेव्हा थोरला आपला एक हात देऊन धाकट्याचा जीव कसाबसा एका लोखंडी चिलखतात अडकवतो. या धाकट्याचे नाव आल्फॉन्स. दिसायला अवाढव्य, आतून रिकामा. ना भूक, ना झोप, ना स्पर्शाची जाणीव. स्वभावाने मात्र इतका मऊ, की रस्त्यावरची बेवारशी मांजरे उचलून तो आपल्या पोकळ छातीत लपवतो. मला ही कथा भाचीने सांगितली आणि खरे सांगायचे तर मी ती ऐकताना दोनदा चष्मा पुसला.

चिलखत तयार व्हायला तीन महिने लागले. ते लोखंडाचे नसते, हे सांगायला नकोच. चपलांच्या तळव्याला वापरतात तसल्या फोमचे तक्ते आणायचे, कागदी बेत ठेवून कापायचे, गरम हवेच्या झोताने वाकवायचे आणि मोची वापरतो त्या पिवळ्या सोल्यूशनने चिकटवायचे. त्या सोल्यूशनचा वास असा, की माझ्या बहिणीने शेवटी सगळा कारखाना गॅलरीत हाकलला. मग रंगाचे थर आणि वर पोचे पडल्यासारखी, गंज चढल्यासारखी कारागिरी. नव्या कोऱ्या वस्तूला जुनी करण्यात या पोरांचा निम्मा वेळ जातो, ही मोठी गंमत आहे. आमच्या पिढीने उलटे करण्यात आयुष्य घालवले.

मेळाव्याच्या दिवशी हे सगळे दोन मोठ्या पिशव्यांत भरून आम्ही लोकलने गेलो आणि तिथे पोचल्यावर मी माझ्या भाचीला कळसूत्री बाहुलीसारखी जोडली. पाऊण तास लागला. शेवटी शिरस्त्राण चढवले आणि समोर सहा-सव्वासहा फूट उंचीचा, शिंगवाला, भयंकर योद्धा उभा राहिला. लोक वळून वळून पाहू लागले. मला अभिमानाने भरून आले.

पण हा भयंकर योद्धा किती असहाय असतो, हे फक्त त्याच्या सेवकाला ठाऊक! त्याला खाली पाहता येत नाही. स्वतःची पावले त्याला दिसत नाहीत. बाजूचे दिसत नाही. ऐकू येते ते विहिरीत बसल्यासारखे. बसता येत नाही, वाकता येत नाही, नाक खाजवता येत नाही. शिरस्त्राणात एक इवलासा पंखा बसवलेला असतो, पण मुंबईच्या दमटपणापुढे तो बिचारा काय करणार? दर अर्ध्या तासाने मी शिरस्त्राणाखालून नळी सारून तिला पाणी पाजत होतो. आणि तेही बेताने, कारण प्रसाधनगृहात जायचे म्हणजे पुन्हा सगळे उतरवणे आले. जिना आला की मी म्हणायचो, “पायरी. आता दुसरी. आता सपाट.” जो जास्तीत जास्त बलाढ्य दिसतो, तोच त्या गर्दीत जास्तीत जास्त परावलंबी असतो. पुढच्या सगळ्या विचाराला मला ही एक गोष्ट उपयोगी पडली.

हा छंद काही कालचा नाही. १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले. त्याला फॉरेस्ट अ‍ॅकरमन नावाचा बावीस वर्षांचा तरुण आणि मर्टल डग्लस ही त्याची मैत्रीण असे दोघेच, एच. जी. वेल्सच्या कथेवरून निघालेल्या १९३६ च्या ‘थिंग्ज टु कम’ या चित्रपटाच्या धर्तीचे भविष्यकाळी पोशाख घालून गेले. दोन्ही पोशाख मर्टलने शिवले होते. पुढे कित्येक वर्षे या छंदाचा जनक म्हणून नाव मात्र अ‍ॅकरमनचे झाले. शिवणारीची आठवण लोकांना फार उशिरा झाली. (यात आपल्याला नवल वाटण्यासारखे काही नाही.) ‘कॉस्प्ले’ हा शब्द जपानचा. १९८३ साली नोबुयुकी ताकाहाशी यांनी एका मासिकातल्या लेखात तो वापरला, ‘कॉस्च्यूम’ आणि ‘प्ले’ या दोन इंग्रजी शब्दांची शेपटे छाटून. ‘मास्करेड’ या जुन्या शब्दाचे जपानी भाषांतर त्यांना फारच सरंजामी थाटाचे वाटले म्हणे.

नियमही अनुभवातून आले. १९७२ च्या लॉस एंजेलिसच्या संमेलनात एक तरुण चित्रकार अंगाला शेंगदाण्याचे लोणी फासून आला. दिव्यांच्या उष्णतेने ते लोणी वितळले, वास सुटला, जिथे तो टेकला तिथे डाग पडले. तेव्हापासून शेंगदाण्याचे लोणी हा पोशाख नव्हे, असा नियमच झाला. आज शस्त्रे तपासतात, धारदार काही आत नेऊ देत नाहीत. आणि २०१४ साली न्यूयॉर्कच्या मेळाव्यात ठिकठिकाणी पाट्या लागल्या, की वेषभूषा म्हणजे संमती नव्हे. शेंगदाण्याच्या लोण्यासाठी नियम करावा लागतो हे मी समजू शकतो. या दुसऱ्या गोष्टीची पाटी का लावावी लागली, ते मला त्या दिवशी दुपारी समजले.

दुपारी भाची अगदी घामाघूम झाली. एका भिंतीच्या आडोशाला नेऊन मी शिरस्त्राण काढले. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. ती डोळे मिटून भिंतीला टेकली होती आणि मी तिला वहीने वारा घालत होतो. तेवढ्यात एक भला दिसणारा गृहस्थ कॅमेरा घेऊन पुढे आला आणि त्याने धडाधड चार-पाच छायाचित्रे टिपली. “प्लीज, आत्ता नको,” भाची म्हणाली. तो खरोखरच गोंधळला. म्हणाला, “अहो, सकाळपासून तर सगळ्यांना काढू देताय!”

त्याच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. म्हणूनच त्याचा प्रश्न मला लागला. आणि कबूल करायला हवे, की घरून निघताना मीही भाचीला असेच काहीसे म्हणालो होतो: “पाहा म्हणून एवढा थाट करायचा, तर लोक पाहणारच.” जो नजरेला आवतण देतो त्याने नजर सोसावी, हा आपल्याकडचा जुना न्याय आहे, आणि तो अगदीच टाकाऊ आहे असे नाही. पण आवतण कशाचे, कुठवरचे, हे कोणी ठरवायचे?

दिवाळीत आपण दारात रांगोळी काढतो. ती घरच्यांसाठी नसते, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी असते. रस्त्यावरचा अनोळखी माणूस थबकून दोन मिनिटे पाहतो, तेव्हा काढणारीला आनंदच होतो. पण त्यामुळे त्याला रांगोळीत पाय ठेवण्याचा किंवा दार ढकलून स्वयंपाकघरात डोकावण्याचा अधिकार मिळाला, असे कोणी म्हणत नाही. हे सांगायला आपल्याला पाटी लावावी लागत नाही. अडचण एवढीच, की रांगोळी उंबऱ्याबाहेर असते आणि काढणारी आत असते. वेष घेतलेल्या माणसाला असा उंबरा नसतो. पाहायची वस्तू आणि ती करणारा माणूस एकाच जागी, एकाच कातडीवर असतात.

रंगभूमीला ही अडचण पडली नाही. १९११ साली ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्या दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग झाला, प्रेक्षकांसमोर भामिनीच उभी राहिली. पण रंगमंचाला कड असते, विंग असते. दोन पावलांवर नटाला पुन्हा बाप होण्याची जागा असते, आणि कितीही रंगलेला प्रेक्षक त्या रेषेपलीकडे पाऊल टाकत नाही. आपला बहुरूपी तर विंगेशिवाय, भर रस्त्यात सोंग घेऊन हिंडतो. पण त्याचीही एक रीत ठरलेली असते: फौजदार होऊन दारात येतो, दम देतो, मग हसून सोंग उघडे करतो आणि बिदागी घेतो. सोंग कुठे सुरू झाले आणि कुठे संपले, हे गावाला कळते. टोकियोत १९७५ पासून भरणाऱ्या ‘कॉमिकेट’च्या मेळाव्यात दंडक आहे, की घरून वेष घालून यायचे नाही, तिथेच ठरलेल्या जागी बदलायचे आणि जाताना उतरवायचे. त्याचे कारण शेजारपाजाऱ्यांना उपद्रव नको, असे देतात. मला त्यात एक उंबराही दिसतो. आमच्या मेळाव्यात त्या क्षणी उंबरा कोणता होता? शिरस्त्राण काढलेले होते, पण चिलखत अंगावर होते. त्या गृहस्थाला अर्धा योद्धा दिसत होता, मला माझी भाची दिसत होती. अशा वेळी पडदा म्हणून एकच गोष्ट उरते, आणि ती म्हणजे तिचा शब्द. ‘आत्ता नको’ म्हटले की पडदा पडला. पडद्यामागे हात घालून कोणी म्हणत नाही, की मघाशी तर वर होता!

आता तिच्यासारखी नखशिखान्त झाकलेली सोंगे थोडी. कित्येक मुली जी पात्रे होतात, त्यांचे कपडे तोकडे असतात. ते बहुधा दुसऱ्याच कोणा चित्रकाराने, बहुधा पुरुषाने, रेखाटलेले असतात. तिथे पाहणारे म्हणतात, तिने निवडले म्हणून आम्ही पाहतो. मला मराठी भाषेनेच इथे वाट दाखवली. आपण म्हणतो, नजर पडली. आणि आपण म्हणतो, नजर टाकली. पडलेल्या नजरेचा जाब कोणी कोणाला विचारू शकत नाही. टाकलेल्या नजरेचा विचारता येतो. मग कॅमेऱ्याचा आणि हाताचा तर येतोच येतो. त्या दिवशी एका मुलीच्या पंखांना हात लावून पाहणारे मी किती तरी पाहिले. पंख होते पिसांचे, पण ते जिच्या पाठीला बांधले होते ती दर वेळी दचकत होती.

वेष घेणाऱ्यावर काहीच बंधन नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. तोही दुसऱ्यांच्या डोळ्यांवर काही तरी लादत असतो. कथेत आहे म्हणून अत्याचाऱ्यांचा गणवेष मिरवणे, किंवा दुसऱ्या वंशाचे पात्र म्हणून तोंडाला काळे फासणे, यांत ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ते भोगले त्यांची संमती कोणी घेतलेली नसते. याच्या उलटही एक क्रूरपणा चालतो. आमच्या जवळच एक सावळी, अंगाने भरलेली मुलगी एका जपानी राजकन्येच्या वेषात उभी होती आणि दोन पोरे मोठ्याने म्हणाली, “ही राजकन्या गोरी असते.” ज्या कथेत माणसाचा जीव लोखंडात राहू शकतो, त्या कथेच्या चाहत्यांना सावळी राजकन्या पटू नये! ती मुलगी हसली, पण नंतर ती मला कुठे दिसली नाही.

हे सगळे मी मोठ्या तावातावाने मनात जुळवत होतो. त्या कॅमेरेवाल्याला काय सुनवायला हवे होते, याची वाक्येही तयार झाली होती. आणि मग मला संध्याकाळची गोष्ट आठवली.

संध्याकाळी मला माझा एक जुना स्नेही तिथे भेटला. नातवाला घेऊन आला होता. भाचीने पुन्हा शिरस्त्राण चढवले होते. मी अभिमानाने म्हणालो, “हे सगळे चपलेच्या फोमचे आहे बरं का! आवाज ऐका,” आणि तिच्या पाठीवर दारावर वाजवावे तशी चांगली तीनदा थाप मारली. योद्धा एकदम पुढे झोकांडला. नातवाने समोर येऊन पोटावर ठोकले आणि वर तोंड करून विचारले, “आत कोण आहे?” आम्ही सगळे हसलो. आतून काहीच उत्तर आले नाही. मला वाटले, ती पात्रात राहून गंमत करते आहे.

परतीच्या लोकलमध्ये गर्दी ओसरली होती. पिशव्या वर फळीवर होत्या, शिरस्त्राण तिच्या मांडीवर होते. मी विचारले, “मी थाप मारली, तेव्हा तू घाबरलीस का गं?”

ती थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, “मामा, आतून कळत नाही ना, कोण आहे ते.”

दादर येत होते. मी उठून पिशव्या काढू लागलो. शिरस्त्राण घ्यायला हात पुढे केला, तो मध्येच थांबवला आणि म्हणालो, “घेऊ का?”

“घे,” ती म्हणाली.